वीस किलोचा हात, दोन टनांची पकड

विहिरीवरच्या पंपाच्या पायाला चार बोल्ट हवे होते. बेळगावजवळच्या काकतीत हायवेच्या कडेला हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं जाऊन म्हणालो, "मामा, दहा एमएमचे चार स्क्रू द्या."

"नटासकट पायजेत की बिननटाचे?"

"नटासकट."

"मग बोल्ट म्हणा की! स्क्रू कशाला म्हणालाय?"

मामांनी जुन्या पंपाच्या पायाची जाडी विचारली, डबा पुढं ओढला, चार बोल्ट, चार नट, आठ वायसर तराजूत टाकले आणि कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "पंप दोन दिवस चालवा आणि परत एक आवळणी द्या." तेव्हा मी मान हलवली आणि विसरून गेलो. त्या एका वाक्यात किती गणित भरलंय, हे पुढं कळलं.

आधी बोल्ट आणि स्क्रू यांचं भांडण मिटवू. आपल्या भाषेत आटे असलेल्या वस्तूला जुना शब्द आहे, मळसूत्र. घराघरात त्याचा नमुना आहे. बायका कानात कुडी घालतात, तिची दांडी कानाच्या भोकातून आरपार जाते आणि मागून फिरकी बसते. पुढची कुडी कुणी फिरवत नाही. फिरते ती फिरकी. हाच बोल्ट. भोकाला स्वतःचे आटे नाहीत, दांडी आरपार जाते, आवळण्याचं काम मागचा नट करतो. कानाच्या पाळीला आटे पाडून कुडी पुढूनच पिळून बसवली असती, तर तिला स्क्रू म्हणावं लागलं असतं. कल्पना जरा क्रूर आहे, पण फरक डोक्यात पक्का बसतो. बेळगावात नट म्हटलं की आधी नाटकवाला आठवतो, त्यालाही इलाज नाही.

इंजिनिअरांच्या हँडबुकात व्याख्या याच अर्थाची आहे. नट फिरवून आवळायचा तो बोल्ट, डोकं फिरवून आवळायचा तो स्क्रू. स्क्रूच्या भोकात आधीच आटे पाडलेले असतात, नाहीतर लाकडात आणि पत्र्यात तो स्वतःचे आटे स्वतःच पाडत जातो. टोकदार की बोथट, जाड की बारीक, षटकोनी डोकं की चिरेचं, यावर काही ठरत नाही. म्हणजे मामांच्या डब्यातला तोच तुकडा पंपाच्या पायात नटाबरोबर गेला तर बोल्ट, आणि बिडाच्या बॉडीत टॅप मारलेल्या भोकात गेला तर स्क्रू. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड ज्यांनी आवळतात त्यांना सगळे मिस्त्री हेडबोल्ट म्हणतात. ते जातात ब्लॉकमधल्या आट्यांत, मागं नट नाही. हँडबुकाच्या हिशेबानं ते स्क्रू. बेळगावच्या कारखान्यांच्या उद्यमबागेत जाऊन हे कुणाला सांगून बघा, चहा तरी मिळेल, मान्यता मिळणार नाही.

सीमाभागातल्या माणसाला सीमेचा वाद नवा नाही. वस्तू तीच, माणूस तोच, कागदावरचं नाव कुठल्या बाजूला पडतं यावर सगळं. बोल्ट-स्क्रूचा वाद तर सरकारदरबारीही गेलेला आहे. अमेरिकेत दोन्हींवरची जकात वेगवेगळी, म्हणून तिथल्या कस्टम खात्यानं 'बोल्ट कोणता आणि स्क्रू कोणता' हे सांगणारी अख्खी पुस्तिका काढली. आपल्याकडं जीएसटीच्या बिलावर ७३१८ हा आकडा दिसतो. त्याच्या आत लाकडाच्या स्क्रूला ७३१८१२, सेल्फ टॅपिंग स्क्रूला ७३१८१४ आणि नटाला ७३१८१६ अशा खोल्या आहेत. मधल्या ७३१८१५ मध्ये मात्र 'इतर स्क्रू आणि बोल्ट' एकत्र कोंबलेत, नटासकट असोत वा नसोत. दोघांत फरक काय, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यालाही पडला असावा आणि त्यानं तो गुमान एका खोलीत ढकलून दार लावलं.

मामांच्या दुकानात सीमा याहून सोपी आहे. बोल्ट किलोवर जातो, स्क्रू ग्रोसवर किंवा पाकिटावर. ग्रोस म्हणजे १२ डझन, १४४ नग. एक तोलायचा, दुसरा मोजायचा. १० एमएम जाडीचा, ५० एमएम लांबीचा बोल्ट नटाशिवाय साधारण ४० ग्रॅम भरतो. किलोत २५ आले. सोळा टन माल घेऊन दहाचाकी ट्रक काकतीवरून निप्पाणीकडं निघाला आणि त्यात फक्त हेच बोल्ट असले, तर चार लाख नग झाले. ते मोजत कोण बसणार?

आता पंपाच्या त्या चारांतला एक बोल्ट हातात घेऊ.

१० एमएमच्या बोल्टला १६-१७ चा पाना लागतो. पाना साधारण वीस सेंटिमीटर लांब. त्याच्या टोकाला हातानं वीस किलोचा जोर दिला, म्हणजे पाण्यानं भरलेली मोठी बादली उचलायला लागतो तेवढा, तर बोल्टच्या दांड्यात किती ओढ तयार होते? जवळजवळ दोन टन. म्हणजे एका बोटाएवढ्या लोखंडात, एका हातानं, बादलीच्या जोरावर, अख्ख्या ट्रॅक्टरच्या वजनाची पकड. शंभर पट.

हे होतं कसं, ते आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वंटमुरी घाट किंवा निप्पाणीजवळचा तवंदी घाट गाडी सरळ चढत नाही, रस्ता वळसे घालत वर जातो. आटा हा बोल्टला गुंडाळलेला घाटरस्ताच. कागदाचा लांबट त्रिकोण कापून पेन्सिलीवर गुंडाळला तर तिरकी कड आट्यासारखी फिरत जाते, करून बघा. १० एमएमच्या बोल्टवर दर फेऱ्याला दीड मिलिमीटर चढ मिळतो आणि त्यासाठी २८ मिलिमीटर चालावं लागतं. १९ ला १ असा चढ, कोन तीन अंशांचा. चाळीस मिलिमीटर आटे असलेला बोल्ट उलगडून सरळ केला, तर हा रस्ता पाऊण मीटरचा होईल. चार सेंटिमीटरच्या डोंगरावर पंचाहत्तर सेंटिमीटरचा घाट.

गणित इथंच संपलं असतं तर शंभर पट हा आकडा फार लहान ठरला असता. पान्याचं टोक एका फेऱ्यात सव्वा मीटर फिरतं आणि नट पुढं सरकतो दीड मिलिमीटर. म्हणजे घर्षण नसतं तर जोर ८३८ पट वाढायला हवा होता. हातात येतो शंभर पट. बाकीचा गेला कुठं? घर्षणानं खाल्ला. कारखान्यात ढोबळ हिशेब असा धरतात की शंभरातले पन्नास डोक्याखाली किंवा नटाखाली घासण्यात जातात, चाळीस आट्यांच्या अंगावर, आणि बोल्ट ताणायला उरतात दहा.

दहा टक्के पगार घरी आणणाऱ्या माणसाला घरचे काय म्हणतील ते सोडा. इथं मात्र तो नव्वद टक्के खाणारा चोरच रखवालदार आहे. घर्षण नसतं तर दोन टनांच्या ओढीनं नट आपला आपण उलटा फिरून घाट उतरला असता. म्हणून बोल्टला तेल लावून नेहमीच्याच जोरानं आवळला तर गडबड होते. खाणारा कमी झाला, ओढ वाढली, बोल्ट कडाक करून तुटला. मग मिस्त्री म्हणतो, "बोल्टच खराब होता." बोल्ट चांगला होता, हिशेब चुकला.

दोन टनांची ओढ बसली की लोखंड ताणतं. दांडा रबरासारखा लांब होतो, फक्त डोळ्याला दिसत नाही. साठ मिलिमीटर जाडीच्या सांध्यात बसलेला दहा एमएमचा बोल्ट दोन टनांखाली ताणला जातो ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतका. आवळलेला बोल्ट म्हणजे स्प्रिंग आहे, खुंटी नव्हे. दोन पट्ट्या खुंटीसारख्या अडवून तो धरत नाही, परत आखूड होण्याच्या धडपडीत तो त्यांना एकमेकींवर दाबून ठेवतो. कागदाएवढ्या ताणावर सगळा पंप उभा असतो. हा कागद लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

नटाच्या आत आणखी एक घरगुती गोष्ट चालते. नटात पाच-सहा आटे असतात, पण वजन सगळ्यांना सारखं मिळत नाही. सांध्याला लागून असलेला पहिला आटा एकटा तिसरा हिस्सा उचलतो. दुसरा पाव हिश्श्याहून थोडा कमी, तिसरा त्याहून कमी, सहाव्याच्या वाट्याला सातेक टक्के. एकत्र कुटुंबात थोरल्यावर येतं तसंच. म्हणूनच नट दुप्पट उंच केला तरी पकड दुप्पट होत नाही. मागचे आटे नुसते हजेरी लावतात. म्हणूनच आटे जायला लागले की पहिला जातो आणि मग एकामागून एक.

डोक्यावर ८.८ असं कोरलेलं दिसलं तर तो एचटी, म्हणजे हाय टेन्साइल, बोल्ट. हा दशांश नाही. पहिल्या आठाचा अर्थ, एका चौरस मिलिमीटरवर ८०० न्यूटन ओढ बसल्यावर तुटेल. किलोत सांगायचं तर ८१ किलो. चौरस मिलिमीटर म्हणजे साखरेच्या एका दाण्याएवढी जागा. साखरेच्या एका दाण्यावर एक भरभक्कम माणूस लटकतोय असं समजा. दुसरा आठ सांगतो की त्या ८०० च्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, तो ताणून परत मूळ लांबीवर येईल. पुढं गेला की ताणलेलाच राहील. आपल्या १० एमएमच्या बोल्टला आट्यांत ५८ चौरस मिलिमीटर लोखंड आहे, साखरेचे ५८ दाणे. त्याला निव्वळ सरळ ओढीनं दोन टनांचा एक ट्रॅक्टर टांगला तर हूं की चूं नाही. दुसरा टांगला की चार टन झाले, बोल्ट कायमचा लांबला. आणखी पाऊण टन चढवलं की तुटला. २० एमएमचा, अंगठ्याएवढा बोल्ट घेतला तर तो वीस टनांपलीकडं जाऊन तुटतो. गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांत भरून हायवेवरून डुलत जाणारा ऊस साधारण तेवढ्याच घरातला. साधा, डोक्यावर ४.६ लिहिलेला किंवा काहीच न लिहिलेला बोल्ट दिसायला अगदी तसाच असतो, पण याच्या निम्म्यावर तुटतो. किमतीचा फरक मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो.

प्रकार किती सांगावेत? दुकानात उभं राहिलं तर कपाट संपत नाही. लाकडी दाराला आणि बैलगाडीला लागतो तो गोल डोक्याचा, मानेशी चौकोनी कॅरेज बोल्ट. चौकोन लाकडात रुतला की बोल्ट फिरत नाही, नट एकट्यानं आवळता येतो. ट्रकच्या पाट्याला यू-बोल्ट, मशीनच्या पायाला काँक्रीटमधला फाउंडेशन बोल्ट, उचलायला कडीचा आय-बोल्ट. आत षटकोनी खड्डा असलेला अ‍ॅलन, आणि पुलीच्या पोटात दडलेला, डोकंच नसलेला ग्रब स्क्रू. नावांचा भरवसा धरू नका. लॅग बोल्ट नावाचा जाडजूड प्रकार लाकडात स्वतःच आटे पाडत जातो, म्हणजे जातीनं तो स्क्रू. कारखान्यांच्या शेडवर तर ही सीमा छपरावरूनच गेलेली दिसते. जुन्या पत्र्याला जे-बोल्ट आहे, खाली लोखंडाला आकडा अडकवून वर नट. नव्या पत्र्याला टोकाशी ड्रिल असलेला स्क्रू आहे, वरूनच भोक पाडतो, आटे पाडतो आणि बसतो. बेळगावच्या पावसात गळतो कोण, यावर दोन्ही पक्षांचे लोक तासभर बोलू शकतात.

काकतीहून हायवेनं उत्तरेला निघालं की होनगा, भुतरामनहट्टी, मग घाट उतरून हत्तरगी. १७७८ साली जिथं राणी चन्नम्मा जन्मली त्या काकतीपासून अर्ध्या तासाच्या आत, उसाच्या आणि जोंधळ्याच्या शिवारात, २५० एकरांवर विमानाचे भाग बनतात. एअरबस आणि बोइंगसाठी तिथून माल जातो. आता विमान म्हणजे काय हे मोजायचं झालं तर बोइंगनेच सांगितलेला आकडा घ्या. ७४७-४०० या जंबो जेटमध्ये साठ लाख भाग असतात आणि त्यातले निम्मे, म्हणजे तीस लाख, हे नुसते जोडणारे. रिव्हेट, बोल्ट, स्क्रू, नट. विमान हा आकाशात उडणारा सांध्यांचा ढीग आहे. त्यापुढं मोटार गरीब वाटते. टोयोटा आपल्या एका मोटारीत बारक्यात बारका स्क्रू धरून तीस हजार भाग सांगते. मोजून दिवसाला एक हजार भाग जरी नोंदवत गेलं, तरी मोटारीला महिना लागेल आणि जंबोला सोळा वर्षं.

तीस लाखांतले किती चुकले तर चालतात? १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच १७,३०० फुटांवर निखळून गेली. आत ८७ माणसं. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, केबिनमधल्या माणसांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसुद्धा वाचला. आदल्या दिवशीच काच बदलली होती. तिला ९० बोल्ट. चौकशीत निघालं की त्यातले ८४ हवे त्यापेक्षा बारीक होते. किती बारीक? ०.०२६ इंच, म्हणजे ०.६६ मिलिमीटर. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण अडीच मिलिमीटर आखूड. जुना बोल्ट हातात धरून नवे डोळ्यानं जुळवले होते. आपण दुकानात अगदी हेच करतो, "हा बघा, असाच द्या."

५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या नव्याकोऱ्या बोइंगचा, दाराच्या जागी बसवलेला बंद पॅनेल हवेत उडून गेला. १७७ माणसं आत, सगळी वाचली. त्या पॅनेलला जागेवर अडवून धरणारे बोल्ट चार. चारही नव्हतेच, कारखान्यात परत बसवायचे राहिले होते. मला पंपाला लागले तेवढेच, चार.

या दोन्ही कथा वाचलेल्यांच्या. तिसरी तशी नाही. ३१ जानेवारी २००० ला अलास्काचंच एक विमान समुद्रात कोसळलं, ८८ जण गेले. शेपटीचा पंख वरखाली करणारा एक लांब मळसूत्री दांडा असतो, त्यावर नट चालतो. वंगण पुरेसं दिलं नव्हतं, नटाचे आटे झिजत झिजत संपले. आपल्याकडं चहाच्या बरणीचं झाकण गरागरा फिरायला लागलं की म्हणतो, आटे गेले. तेच, फक्त ३१,००० फुटांवर.

पण सारखे आटे ही गोष्टच मुळात नवी. दीडदोनशे वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक बोल्टला त्याचाच नट, नवराबायकोसारखा. गाडी खोलली तर कुठला कुणाचा हे खूण करून ठेवावं लागे, दुसऱ्याचा चढतच नसे. लंडनच्या हेन्री मॉडस्लेनं १८०० च्या आसपास आटे पाडणारं लेथ नीट बसवलं आणि हौस म्हणून की काय, एक मळसूत्र करून दाखवलं. पाच फूट लांब, दोन इंच जाड, इंचाला ५० आटे. एकूण ३,०००. त्यावर बारा इंचांचा नट, ज्याच्या आत एका वेळी ६०० आटे धरलेले. हा घाट मी उलगडून मोजला. पाच फुटांच्या त्या दांड्यावर ४७९ मीटरचा रस्ता गुंडाळलेला भरतो, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर.

त्याच्याच कारखान्यात शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली सगळ्यांनी एकच आटा पाडावा असं सुचवलं, कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ साली ६० अंश धरला. अर्ध्या इंचाच्या, आपल्या मिस्त्रींच्या भाषेत चार सुती बोल्टला विलायतेत इंचाला १२ आटे आणि अमेरिकेत १३. एका आट्याचा फरक. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देश एकाच बाजूनं लढत होते आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नव्हता. समझोता झाला १९४८ साली, युद्ध संपल्यावर. त्याच्याही आधी, फेब्रुवारी १९०४ मध्ये, बाल्टिमोर शहराला आग लागली, शेजारच्या शहरांचे बंब धावून आले, आणि त्यांच्या पाइपांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. तीस तास आग, पंधराशेवर इमारती खाक. अमेरिकेत तेव्हा बंबाच्या पाइपांच्या जोडण्या सहाशेहून जास्त तऱ्हांच्या होत्या. पाणी होतं, बंब होते, माणसं होती.

आपल्याकडं मेट्रिकचा कायदा १९५६ चा. उद्यमबागेतला जुना टर्नर अजून 'तीन सुती' मागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर. ते दहा एमएमच्या नटात ढिलं ढिलं शिरतं, काही आटे चढतं आणि बसल्यासारखं वाटतं. दीड मिलिमीटरचा एक आणि १.५९ चा दुसरा, असे दोन घाट एकमेकांवर चढवलेले असतात. बसलेलं काही नसतं.

बेळगावला हे सगळं शिकवलं सायकलीनं, असं मला वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर इथल्याच गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, त्यातून कारखाना झाला, नांगर आणि कडबा कापायचं यंत्र निघालं. पुढं जागा सोडावी लागली म्हणून १९१० साली औंध संस्थानात कुंडलला गेले, तीच किर्लोस्करवाडी. आपण ज्या काळ्या सायकली चालवल्या त्यांना पुढं ३२ आणि मागं ४० तारा, एकूण ७२. प्रत्येक तारेच्या टोकाला आटे, आणि तेही इंचाला ५६. दोन मिलिमीटरच्या तारेवर अर्ध्या मिलिमीटरहून बारीक घाट, आणि त्या बहात्तर घाटांवर तुम्ही, मागं बायको आणि पुढं दांडीवर पोर. उजव्या पायडलला सुलटे आटे, डाव्याला उलटे. नाहीतर चालवता चालवता पायडल आपोआप सैल होऊन हातात येतं. लहानपणी डावं पायडल सुलट्या बाजूनं खोलायला जाऊन ज्यानं ते आणखी घट्ट केलं नाही, तो सायकलवाला नव्हेच.

लहानमोठेपणाचंही एक सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय मानकात घड्याळातल्या स्क्रूचं सर्वांत बारीक माप ०.३ मिलिमीटर जाडीचं आहे. दोन आट्यांतलं अंतर ०.०८, म्हणजे डोक्याच्या केसाएवढं. मेट्रिक आट्यांची मोठी यादी संपते ३०० मिलिमीटरवर, फूटभर जाडीच्या दांड्यावर. बरोबर एक हजार पट. दोन्ही त्याच तिरक्या कडेच्या त्रिकोणातून निघालेले.

आणि या सगळ्यात बोल्टला घरी बसवणारी एक जागा आहे, रेल्वे. तेरा मीटरचे रूळ फिशप्लेट लावून चार-चार बोल्टनी जोडत, तेव्हा किलोमीटरला दोन्ही बाजूंचे मिळून दीडशेवर सांधे आणि सहाशेवर बोल्ट होते. गाडीची ती खडाड-खट, खडाड-खट म्हणजे सांधे मोजणं होतं. दर गाडीगणिक ते ढिले होत आणि चावीवाला पाना घेऊन चालत फिरे. आता रूळ वितळवून जोडतात. स्लीपरला रूळ धरतो तो वाकवलेल्या सळीचा क्लिप, त्याला आटेच नाहीत. किलोमीटरला १,६६० स्लीपर, प्रत्येकी चार क्लिप, ६,६४० झाले. आवळायचं काही नाही म्हणून ढिलं होण्याचं काही नाही.

आपल्या पंपाला मात्र आटेच आहेत. पंधरा दिवसांनी तो पाट्यावर नाचायला लागला. नट हातानं फिरत होते. मग मामांचं वाक्य आठवलं आणि वहीचा कागदही. दोन टनांची ओढ ज्या ताणातून येते तो ०.१ मिलिमीटरचा. वायसरखालचा रंग, गंजाची खपली, पट्टीवरचे बारीक उंचवटे हादऱ्यानं चेपले आणि पाव कागद जरी बसले, तरी दोन टनांतला जवळपास अर्धा टन गेला. नट इंचभरही फिरलेला नसतो, कुणी हात लावलेला नसतो, आणि पकड पाऊण झालेली असते. ती कमी झाली की सांधा किंचित घसरायला लागतो, घसरला की आटे मागं फिरायला लागतात, मग कागद काय आणि पुठ्ठा काय.

गळीत हंगाम आला की ट्रॉल्यांना नवे यू-बोल्ट बसतात, पंक्चर काढून चाकं परत चढतात. दहाचाकी ट्रकच्या एका हबला दहा नट धरले तर सहा हबांचे साठ होतात, आवळायला अर्धा तास. यू-बोल्ट पहिल्या भरल्या फेरीनंतर आणि चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळा. घाट उतरायच्या आधी.